सिन्नरला गेलो तर संशोधन संपेल का? एका ईएनटी सर्जनचं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं एमएस ईएनटी (कान-नाक-घसा) झालंय आणि सीनियर रेसिडेन्सी संपत आलीय. थिसिस कानाच्या पडद्याच्या ऑपरेशनवर होता आणि त्यातून एक पेपर निघाला. नाशिकमध्ये एका मेडिकल कॉलेजात असिस्टंट प्रोफेसरची जागा मिळतेय. दुसरीकडे नाशिकजवळच्या सिन्नरला वडिलांचं जुनं हॉस्पिटल आहे आणि तेही ईएनटीच आहेत, पण आता थकलेत. तुम्हाला विचारायचंय ते असं: सिन्नरला गेलो तर संशोधन संपलंच ना? आधी पीएचडी करून घ्यावी का? आणि चौतिसाव्या वर्षी सुरुवात म्हणजे उशीर झाला का?

उशीर झालेला नाही. तो प्रश्न इथंच मिटवू.

बाकीच्या दोन प्रश्नांत तीन गोष्टींची गल्लत झालीय: पद, पेपर आणि संशोधन. पद कॉलेजातच मिळतं. पदोन्नतीसाठी पेपर लागतात, आणि म्हणून आपल्याकडे बहुतेक पेपर पदोन्नतीसाठीच लिहिले जातात. यात कोणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही, नियमच तसे आहेत. पण पेपर म्हणजे संशोधन असं धरून तुम्ही नोकरीचा निर्णय घ्यायला निघालाय, तिथं मी तुम्हाला थांबवते. मी नाशिकमध्ये खासगी प्रॅक्टिस करते. सुरुवातीची वर्षं कॉलेजात शिकवलंय आणि आजही काही कामं कॉलेजातल्या लोकांबरोबर करते. दोन्ही बाजू पाहिल्यात, एवढ्याच अधिकारानं पुढचं सांगते.

तुमच्या प्रश्नात न आलेल्या काही गोष्टींवर उत्तर अवलंबून आहे. घरावर कर्ज किती आहे, पत्नी किंवा पती कुठं काम करतात, वडिलांच्या हॉस्पिटलात ऑपरेटिंग मायक्रोस्कोप आणि साउंडप्रूफ खोलीतला ऑडिओमीटर (ऐकू किती येतं ते मोजणारं यंत्र) आहे की नाही, ओपीडीत मळ, टॉन्सिल आणि सर्दीच जास्त की कानाची ऑपरेशनंही होतात, हे सगळं बघावं लागेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्हाला नेमकं कशाचं कुतूहल आहे. कॉक्लिअर इम्प्लांट, कवटीच्या तळाची शस्त्रक्रिया, डोकं-मानेचा कॅन्सर किंवा जनुकांशी संबंधित काही करायचं असेल तर सिन्नरचा विचार सोडा. त्यासाठी रेडिएशन, पॅथॉलॉजी, ऑडिओलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट असा सगळा ताफा लागतो. कॉलेजची जागा घ्या, शक्य झालं तर आणखी मोठ्या ठिकाणी जा. पण ओढ कानाचा पडदा, वाहणारे कान, चक्कर, नाकाची ॲलर्जी, आवाजानं होणारा बहिरेपणा यांकडे असेल तर माझं मत तुम्हाला कदाचित उलटं वाटेल. हे प्रश्न सिन्नरला जास्त चांगले अभ्यासता येतील.

त्याचं कारण फॉलो-अप.

आपल्याकडच्या थिसिसचं चक्र आठवा. पहिल्या वर्षी सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा), मग वर्ष-दीड वर्षात केसेस गोळा करायच्या, तिसऱ्या वर्षी परीक्षेच्या आधी बाड जमा करायचं. विषय बहुधा ठरलेला: टेम्पोरालिस फॅशिया (कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण) की कार्टिलेज (कूर्चा), कशानं दुरुस्त केलेला पडदा जास्त टिकतो? दोन्ही गटांत तीस-तीस रुग्ण आणि तीन महिन्यांचा फॉलो-अप. निष्कर्ष असा की दोन्ही पद्धती सारख्याच चांगल्या. आता जरा गणित करा. एका पद्धतीचं यश ९० टक्के आणि दुसरीचं ८५ टक्के असेल, तर हा फरक खात्रीनं पकडायला नेहमीच्या संख्याशास्त्रीय निकषांवर प्रत्येक गटात जवळजवळ ७०० कान लागतात. तीस-तीस रुग्णांत तो दिसणारच नाही. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आपल्या कित्येक थिसिसांचा पाया ती एकच मानण्यावर आहे.

आता समजा शंभर कानांची ऑपरेशनं केली. सहा महिन्यांनी साठ रुग्ण आले आणि त्यातल्या चोपन्न जणांचा पडदा शाबूत होता. पेपरात यश ९० टक्के छापून येतं. पण न आलेल्या चाळीस जणांचं काय? ते सगळे ठणठणीत असतील तर खरं यश ९४ टक्के, सगळ्यांचे कान पुन्हा वाहत असतील तर ५४. म्हणजे आपल्याला कळलं ते एवढंच की उत्तर ५४ आणि ९४ यांच्या मध्ये कुठंतरी आहे. सुरगाणा-पेठकडचा रुग्ण नाशिकच्या कॉलेजात ऑपरेशनला येतो, कारण तिथं खर्च कमी होतो. कान दुखायचा थांबला की एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मोजून तो दुसऱ्यांदा येत नाही. शिवाय ज्या पीजीनं (पदव्युत्तर विद्यार्थ्यानं) त्याला तपासलं होतं तो तोवर पास होऊन लातूरला किंवा कोल्हापूरला गेलेला असतो. रुग्णाच्या ओळखीचं तिथं कोणी उरत नाही.

आपल्या शाखेच्या इतिहासातलं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. ऑटोस्क्लेरोसिसमध्ये कानातलं स्टेपीज हे हाड जखडतं आणि ऐकू कमी येतं. १९३८ मध्ये लेम्पर्ट यांनी यासाठी फेनेस्ट्रेशनची एका टप्प्यातली पद्धत मांडली. जखडलेल्या हाडाला वळसा घालून अर्धवर्तुळाकार नलिकेत नवी खिडकी पाडायची. पुढं १९५२ मध्ये न्यूयॉर्कला सॅम्युअल रोझेन असंच ऑपरेशन करण्याआधी स्टेपीज खरंच जखडलंय का हे तपासत होते. रुग्णाला पूर्ण भूल दिलेली नव्हती. तपासताना हाड हललं आणि रुग्णाला तिथंच, टेबलावर ऐकू यायला लागलं. हाड फक्त हलवून मोकळं करायची पद्धत त्यावरून जगभर पसरली. टेबलावरचा परिणाम डोळे दिपवणारा होता, पण पुढच्या काही वर्षांत यातले बरेच कान परत जखडत गेले. हे कळलं ते रुग्ण परत येत राहिले आणि त्यांचे ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचे आलेख) निघत राहिले म्हणून. १९५६ मध्ये जॉन शे यांनी स्टेपीज काढूनच टाकलं आणि तिथं कृत्रिम हाड बसवलं. आज आपण करतो ती शस्त्रक्रिया तिथून आली. शे हे काम मेम्फिसमध्ये, वडिलांनी सुरू केलेल्या क्लिनिकच्या गादीवर बसून करत होते. तुमच्या वडिलांना हे जरूर सांगा.

खासगी प्रॅक्टिसमधलं दुसरं नाव एपली यांचं. बीपीपीव्ही या उठता-झोपता गरगरवणाऱ्या चक्करच्या आजारासाठी डोकं ठरावीक क्रमानं फिरवायची त्यांची पद्धत १९९२ मध्ये छापून आली. त्याआधी बरीच वर्षं सहकारी ती हसण्यावारी नेत होते. ज्या तपासणीनं हा आजार ओळखतात, ती डिक्स-हॉलपाइक चाचणी मात्र १९५२ पासून होती. तरी आजही आपल्याकडे चक्करचा रुग्ण मानेचा एक्स-रे, गळ्याला पट्टा आणि महिनाभराच्या गोळ्या घेऊनच आपल्यापर्यंत पोचतो. ‘सिन्नर तालुक्यात बीपीपीव्हीचा रुग्ण योग्य निदानापर्यंत पोचायला किती दिवस आणि किती पैसे लागतात’ हा साधा प्रश्न आहे. एक कॉट, एक फॉर्म आणि नीट घेतलेली हिस्ट्री यांत तो होतो. याचं उत्तर ठाऊक असलेला मला कोणी भेटलेला नाही.

सिन्नरला तुमच्याकडे असेल ते हे: रुग्णाचं अख्खं घर तुमच्याकडे येतं. आज मुलाच्या टॉन्सिलसाठी आलेली बाई परवा सासूच्या कानासाठी येते, आणि तिचा स्वतःचा कान तुम्ही चार वर्षांपूर्वी केलेला असतो. खुर्चीत बसवून पडदा बघायला दोन मिनिटं लागतात. कॉलेजला हे जमत नाही. पण नुसत्या ओळखीवर भागत नाही, फॉलो-अप आखावा लागतो आणि तोही इथल्या कॅलेंडरनं. माझ्या अनुभवात द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत बागाईतदार फिरकत नाही. पेठ-सुरगाण्याचे मजूर त्या काळात दिंडोरी-निफाडच्या बागांवरच असतात, म्हणजे घरच्यापेक्षा तेव्हाच जवळ असतात. ‘सहा महिन्यांनी या’ असं सांगण्याऐवजी ‘पाडव्यानंतरच्या बाजारच्या दिवशी या’ सांगितलं तर जास्त लोक येतात. दोन मोबाईल नंबर घ्या, त्यातला एक शेजाऱ्याचा किंवा भाच्याचा, कारण सिम बदलत राहतात. फोन रिसेप्शनवरच्या ताईंनी करावा. डॉक्टरांचा फोन आला की काहीतरी बिघडलंय असं वाटून माणसं घाबरतात.

मोजायचं ते दर वेळी सारखंच मोजा. ऐकण्याची सरासरी कुठल्या फ्रिक्वेन्सींवर काढायची हे पहिल्या रुग्णाआधी ठरवा. अमेरिकन अकादमीच्या १९९५ च्या मार्गदर्शक सूचनांत ५००, १०००, २००० आणि ३००० हर्ट्झ आहेत, पण बरेच जण ३००० ऐवजी ४००० घेतात. काहीही घ्या, फक्त मधेच बदलू नका आणि पेपरात स्पष्ट लिहा. ऑडिओमीटरचं कॅलिब्रेशन दरवर्षी करून घ्या. याचे पैसे टाळणारे पुष्कळ आहेत, त्यामुळं त्यांच्या दहा डेसिबलच्या सुधारणेवर माझा विश्वास बसत नाही.

प्रश्न कसा निवडायचा? तुमच्या दारात जे रोज येतं त्यातून. सिन्नरचा विडी उद्योग जुना आहे. वर्षानुवर्षं तंबाखू हाताळणाऱ्या बायकांच्या नाकाचं आणि घशाचं काय होतं, हा तुमच्या ओपीडीतला प्रश्न आहे, मुंबईतल्या कोणाच्या नाही. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातून कानात बुरशी झालेल्यांची रीघ लागते. त्यातल्या कितींनी आधी कानात खोबरेल सोडलं होतं आणि कितींनी केसातल्या पिनेनं कान कोरला होता, हे विचारलं तर एका पावसाळ्यात चांगला अभ्यास उभा राहतो. मुसळगाव, अंबड, सातपूरच्या कारखान्यांत दिवसभर गोंगाटात काम करणारे कामगार आहेत.

आणि नाशिक ढोल. गणपतीआधी पथकांचा सराव संध्याकाळी कित्येक आठवडे चालतो, मग मिरवणुका. कारखान्यासाठी आपल्याकडे आठ तासांना ९० डेसिबल अशी मर्यादा आहे, ढोल वाजवणाऱ्या पोराला मात्र कुठलीच शिफ्ट नसते. सराव सुरू होण्याआधी एक ऑडिओग्राम, विसर्जनानंतर लगेच दुसरा, दोन महिन्यांनी तिसरा. आवाजाचा मार पहिल्यांदा ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात दिसतो, त्यामुळं तिथं खाच पडतेय का आणि ती भरून येतेय का, हे बघायचं. पहिल्या आणि तिसऱ्या चाचणीआधीचा अर्धा दिवस तरी मोठ्या आवाजापासून लांब काढायला सांगावं लागेल, नाहीतर तात्पुरता परिणाम आणि कायमचं नुकसान यांत फरक करता येणार नाही. वर उल्लेख केलेले रोझेनच पुढं सुदानमध्ये गेले होते. गोंगाटापासून लांब राहणाऱ्या मबान लोकांचं ऐकणं त्यांनी तपासलं आणि म्हातारपणीही ते चांगलं टिकलेलं आढळलं. तो अभ्यास १९६२ मध्ये छापला गेला. स्टेपीजवर नाव कमावलेला सर्जन ऑडिओमीटर घेऊन खेड्यात जातो, हे मला त्यांच्या ऑपरेशनपेक्षाही जास्त भावतं. सुरगाण्याच्या पाड्यावरची साठीची माणसं आणि नाशिकच्या द्वारका चौकात आयुष्य काढलेली साठीची माणसं, यांची तुलना कोणी करायला हवी? ज्याच्याकडे दोन्हीकडचे रुग्ण येतात त्यानं.

एकट्यानं मात्र काही करू नका. २०२१ मध्ये म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) लाटेत नाकातलं, सायनसमधलं काळं पडलेलं हाड काढणारे हात आपले होते. पण देशभरातल्या १०२ केंद्रांतून २,८२६ रुग्णांची माहिती एकाच साच्यात गोळा करून छापली ती नेत्रतज्ज्ञांनी. त्यांना मनापासून दाद द्यायला हवी, आणि आपल्याला थोडी टोचणीही लागायला हवी. आपल्यातल्या प्रत्येकाकडे तेव्हा केसेस होत्या, पण प्रत्येकाचा केस पेपर वेगळा होता. म्हणून मालेगाव, निफाड, येवला, नाशिक असे चार-पाच ईएनटी मित्र जमवा आणि एका पानाचा सामाईक फॉर्म ठरवा. फॉर्मचं दुसरं पान झालं की कोणी भरत नाही, हे मी अनुभवानं सांगते. वर ७०० कानांचा हिशेब दिला, तिथं पोचायचा हाच रस्ता आहे.

आता परवानगीचं. ‘स्वतःचे पेशंट, स्वतःचं हॉस्पिटल, मग एथिक्स कमिटी कशाला’ असं तुम्हाला बरेच सीनियर सांगतील. ऐकू नका. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसांवरच्या कुठल्याही संशोधनाला आधी कमिटीची मंजुरी लागते, जुन्या केस पेपरांवरच्या अभ्यासालाही. तिथं फार तर संमतीपत्रातून सूट मिळते, आणि ती सूटही कमिटीच देते. तुमच्याकडे कमिटी नाही, हा सिन्नरचा खरा तोटा आहे. पण तो भरून काढता येतो. औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम स्वतःची कमिटी नसलेल्या केंद्राला त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली दुसरी नोंदणीकृत कमिटी चालते असं म्हणतात, आणि सिन्नरहून नाशिक त्या अंतरात आहे. तुमच्या साध्या निरीक्षणाच्या अभ्यासासाठी कॉलेजातला एक सह-संशोधक घ्या आणि त्यांच्या कमिटीकडे रीतसर अर्ज करा. दोन उपचारांची तुलना करणार असाल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी करा. ती मोफत आहे, आणि २०१८ पासून तिथं अभ्यास सुरू झाल्यानंतरची नोंदणी घेत नाहीत. ऑपरेशनचे व्हिडिओ आणि फोटो वापरायची संमती वेगळी घ्या. ऑपरेशनच्या संमतीपत्रात ती येत नाही.

पीएचडीचं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, आपल्या गावातच आहे, म्हणून करून टाकू असा विचार बरेच जण करतात. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. चार-पाच वर्षं एकाच प्रश्नाला द्यायची असतील तर आधी तो प्रश्न सापडू द्या. प्रश्नाशिवाय नाव नोंदवलं की गाइडच्या कपाटातला एखादा विषय तुमच्या गळ्यात पडतो. त्याऐवजी चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेचा बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च रेसिडेन्सीत केला असेल तर तो परत एकदा बघा. पीजींसाठी तो सक्तीचा आहे, त्यामुळं बहुतेकांनी तो व्हिडिओ पुढं ढकलत संपवलेला असतो. सॅम्पल साइज आणि बायस (निष्कर्ष एका बाजूला झुकवणाऱ्या चुका) हे दोन भाग शांतपणे केले तरी पुष्कळ झालं. आणि पहिल्या रुग्णाआधी संख्याशास्त्रज्ञाला भेटा. शेवटच्या रुग्णानंतर भेटलात तर तो फक्त सहानुभूती देऊ शकतो.

पैसे भरले की पंधरा दिवसांत छापणाऱ्या जर्नलांचे ई-मेल तुम्हालाही येत असतील. थेट डिलीट करा. एक पेपर कमी असल्यानं सिन्नरच्या ओपीडीत काहीही अडत नाही, आणि कॉलेजबाहेर असण्याचा हा मोठा फायदा आहे: तुमच्यावर छापायची सक्ती नाही, त्यामुळं अभ्यास पिकेपर्यंत थांबता येतं.

तेव्हा तुमच्या जागी मी असते तर सिन्नरला गेले असते, आठवड्यातली एक दुपार कॉलेजातल्या सहकाऱ्यांसाठी राखली असती, आणि पहिला अभ्यास वडिलांच्या कपाटातून काढला असता. त्यांनी इतक्या वर्षांत केलेल्या पडद्यांची रजिस्टरं असतीलच. दहा-पंधरा वर्षांपूर्वी केलेले ते कान आज कसे आहेत? इतका लांबचा फॉलो-अप आपल्याकडे फार कमी छापला जातो. कमिटीची मंजुरी घ्या, रजिस्टरातल्या क्रमानं फोन लावा, जे येतील त्यांचा पडदा आणि ऑडिओग्राम बघा. जे सापडले नाहीत, गाव सोडून गेले, वारले, यायला नाही म्हणाले, त्यांची संख्या तितक्याच ठळकपणे लिहा. आपणहून येणारे रुग्ण एकतर फार खूश असतात किंवा फार वैतागलेले, मधले घरीच राहतात. म्हणून क्रम सोडून चालणार नाही.

हे सुरू करण्याआधी वडिलांशी मोकळेपणानं बोला. ऑपरेशनं त्यांची आहेत, गावात नावही त्यांचं आहे. आकडे मनासारखे आले नाहीत तरी छापायचे, हे दोघांनी आधीच ठरवा, आणि ते नको म्हणाले तर तो विषय सोडून कानातल्या बुरशीपासून सुरुवात करा. पावसाळा दरवर्षी येतोच.